घंटेला मोटर नसते

दादा, तिन्ही प्लेअर चांगले होते.

हे तुला आता सांगून उपयोग नाही, आणि तुला ते माझ्याआधी कळलं होतं हेही मला ठाऊक आहे. तरी सुरुवात इथूनच करते, कारण तेराव्याला जमलेले लोक भलतंच बोलत होते. भांडुपच्या तुझ्या दोन खोल्यांत, रेकॉर्ड्सच्या रॅकला पाठ टेकून सगळे म्हणत होते, "एकाएकीच झालं हो. काही कळलंच नाही." रेखावहिनीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. एकाएकी काही झालं नव्हतं. कित्येक महिने ते आपल्या घरात येऊन बसलं होतं. आपल्याबरोबर दुकानं फिरत होतं. आणि आपण सगळे मिळून मशीनला शिव्या घालत होतो.

तुझा फोन आला तेव्हा दिवाळीचा फराळ संपत आला होता. "नीते, मला एक पोर्टेबल प्लेअर घ्यायचाय. सेलवर चालणारा. तू त्या मोबाइलवर बघ ना जरा."

मी म्हटलं, "घरात दोन आहेत ना रे?"

"ते काय काखेत मारून नेऊ? परवा एक एलपी आणली, आरशासारखी. घरी येऊन लावली तर दर फेरीला टक् टक्. घेताना तिथल्या तिथे वाजवून बघता आली पाहिजे. आणि मढच्या आंटीचा फोन आलाय."

मढची आंटी म्हणजे फिलोमिना आंटी. तू वीज कंपनीत होतास तेव्हा काही वर्षं तुझी ड्युटी मढला होती. तिथल्या एका बंगल्यात मीटरची तक्रार बघायला गेलास, आतून रेकॉर्ड ऐकू आली, आणि गाणं संपेपर्यंत पायरीवर बसून राहिलास. त्या घरचे अंकल तेव्हापासून तुझे दोस्त. आता अंकल गेले होते आणि आंटीला त्यांच्या रेकॉर्ड्स कुणाला तरी द्यायच्या होत्या. भंगारवाल्याला नाही, ऐकणाऱ्याला. "इथे येऊन वाजव, मला पण ऐकव, मग ने," अशी तिची अट. तिच्याकडचा प्लेअर कधीच मोडीत गेला होता.

त्या फोनमध्ये भिण्यासारखं काही नव्हतं. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलंय. तुझा आवाज खूश होता. रिटायर झालेला माणूस आणि खेळण्याचा हट्ट, म्हणून मी हसले होते.

मी मागवलेला पहिला प्लेअर लाल होता. सूटकेससारखा, कडी लावून बंद होणारा, आतच स्पीकर. तू झाकण उघडलंस आणि म्हणालास, "ही पार्लरवालीची पेटी कुणी पाठवली?" मग सुईचा दांडा बोटाने उचलून तोललास. "जड आहे. ही सुई रेकॉर्ड वाचणार नाही, नांगरणार. वर स्पीकर त्याच पेटीत. आवाजाने पेटी हलणार, पेटीने सुई हलणार. चांगल्या रेकॉर्डची वाट लागेल, नीते."

"मागवलाय ना आता? लाव तरी," मी म्हटलं.

तू तुझी ती भावगीतांची एलपी काढलीस. कुठलंही मशीन तपासायचं तर तू तीच लावायचास. तिच्यातली प्रत्येक जागा तुला पाठ होती. दोन ओळी झाल्या आणि तू सुई उचललीस.

"आणि स्लो आहे."

"स्लो?"

"सूर उतरलाय. ऐकू येत नाही तुला?"

मला येत नव्हतं. पण मला असलं कधीच ऐकू यायचं नाही. आपल्या घरात कान तुझा होता. पहिल्या पगारात तू रेकॉर्ड आणलीस तेव्हा आपल्याकडे प्लेअरच नव्हता, आठवतं? बाबा म्हणाले, "हिचं काय करणार, पापड लाटणार?" तू ती उजेडाकडे तिरकी धरून मला दाखवलीस. इथे गडद दिसतंय तिथे गाणं शांत आहे, इथे चमकतंय तिथे जोरात. आपण दोघं खिडकीत उभं राहून अख्खी रेकॉर्ड डोळ्यांनी ऐकली. अशा माणसाने सूर उतरलाय म्हटल्यावर मी काय वाद घालणार? मी तक्रारीत लिहिलं, स्पीड कमी आहे. ते लोक लाल पेटी मुकाट्याने परत घेऊन गेले.

मग तू मला अंधेरीला इक्बालभाईकडे नेलंस. जुनी मशिनं आणि रेकॉर्ड्स विकणारा तो माणूस. गाळा एवढासा, पण आत शिरलं की बाहेरचा रस्ता विसरायला होतं. तुमची दोस्ती वीस-पंचवीस वर्षांची. त्याने कपड्यात गुंडाळलेला एक राखाडी जपानी प्लेअर काढला. डब्याएवढा, खांद्याला अडकवायचा पट्टा, सुईचा दांडा पिसासारखा हलका.

"ये देखो शरदभाई. पूरी मुंबई में दूसरा मिला तो मेरा नाम बदल देना."

तुझे डोळे लकाकले. बेल्ट बघितलास, सेलची जागा बघितलीस, सुई नखावर घासून बघितलीस. मग तीच एलपी. आणि पुन्हा तुझ्या कपाळाला आठी.

"स्लो आहे रे इक्बाल."

इक्बालभाईने हसत एक कागदी चकती काढली, कडेने काळ्या-पांढऱ्या रेघा असलेली. ती रेकॉर्डवर ठेवायची आणि ट्यूबलाइटखाली फिरवायची; ट्यूब डोळ्यांना न कळता विजेच्या ठेक्यात लुकलुकत असते. स्पीड बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात, चुकीचा असेल तर सरकतात. चकती फिरली. आपण तिघंही वाकून बघत होतो. रेघा थांबल्या होत्या. एकही हलत नव्हती.

तू म्हणालास, "तुझी ट्यूब खराब असेल."

"ट्यूब को छोडो ना. लाइट तो आपकी कंपनी का है," तो म्हणाला. "आप ही बोलो, उसका स्पीड गलत है क्या?"

मी खळखळून हसले. तू हसला नाहीस. तारांमधल्या विजेचा स्पीड किती, हे तुला अंगावरच्या तिळासारखं माहीत होतं. तू त्या थांबलेल्या रेघांकडे बघत राहिलास. मग एकदम प्लेअरचं झाकण लावलंस आणि म्हणालास, "नको. मनाला येत नाही." इक्बालभाई बिचारा दुसऱ्यांदा चहा सांगायला उठला होता, तोवर तू पायऱ्या उतरलास.

त्यानंतर घरातल्या वस्तू उतरायला लागल्या. आधी डोअरबेल. वहिनीने मला फोनवर हसत सांगितलं होतं, "अगं, हे स्टुलावर चढून बेल खोलून बसलेत. म्हणतात, टिंग ठीक आहे, टाँग खाली गेलाय." तू नवी बेल आणलीस. ती बसवलीस, दाबलीस, आणि परत द्यायला गेलास. मग कुकरची शिट्टी. मग वहिनी.

ती भाजी निवडताना गुणगुणते, तिला स्वतःलाही कळत नाही. तू एकदा बाहेरून विचारलंस, "रेखा, घसा बसलाय का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंस. तिसऱ्यांदा तिने मला फोन केला, ह्या वेळी हसत नव्हती. "नीता, माझा आवाज तुला कसा वाटतो गं? खरं सांग." मी म्हटलं, नेहमीसारखा. ती म्हणाली, "ह्यांना जाड वाटतोय." कितीतरी दिवस ती बाई रोज सकाळ-संध्याकाळ मीठ-हळदीच्या पाण्याने गुळण्या करत होती, दादा. घसा तिचा ठणठणीत होता. शेवटी तिने गुणगुणणंच बंद केलं. तुझ्या घरातला तो आवाज असा गेला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिसरा प्लेअर इक्बालभाईनेच फोन करून दाखवला. नवा, काळा, पाटीएवढा सपाट; रेकॉर्ड जमवणाऱ्यांसाठीच बनवलेला. सुई हलकी, हेडफोन लावायची सोय, सेल दिवसभर टिकणारे. आणि एका कोपऱ्यात छोटं गोल बटण होतं, स्पीड थोडा कमी-जास्त करायचं.

"लो शरदभाई. अब झगडा खतम. अपना स्पीड खुद लगाओ."

तू स्टुलावर बसलास. भावगीतांची एलपी लावलीस, डोळे मिटलेस आणि दोन बोटांनी बटण फिरवायला लागलास. सावकाश, रेडिओवर लांबचं स्टेशन शोधावं तसं. गाणं हळूहळू वर चढायला लागलं. मला कान नाही म्हणतोस ना? तेव्हा मलाही कळलं. बाईंचा आवाज बारीक होत गेला, तबला घाईला आला. शब्द एकमेकांच्या टाचेवर पाय देत पळायला लागले. एखाद्या लहान मुलीने मोठ्या बाईचं गाणं पाठ म्हणून दाखवावं तसं काहीतरी. आणि त्याच जागी तुझं बोट थांबलं. तुझ्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी समाधान आलं.

"हां," तू म्हणालास. "आता बरोबर."

मी इक्बालभाईकडे बघितलं. त्याने माझ्याकडे. गाळ्यात ते पळणारं गाणं वाजत होतं आणि तू डोळे मिटून मान डोलावत होतास. मला भीती वाटली, दादा. तुझी नव्हे, तू जिथे जाऊन बसला होतास त्या जागेची. तिथे तू एकटाच होतास आणि तुला ते माहीत नव्हतं.

तू प्लेअर बांधून घेत होतास तेव्हा तो हळूच म्हणाला, "बहनजी, भाई को किसी को दिखाओ. मशीन का काम होता तो मैं करता."

रस्त्यावर आल्या आल्या मी विषय काढला. "दादा, एकदा कान दाखवूया का?"

"कान? माझा?" तू फुटपाथवरच थांबलास. "नीते, तुला तेहतीसच्या आणि पंचेचाळीसच्या स्पीडमधला फरक कळत नाही आणि तू माझा कान तपासणार?" आणि माझ्या पुढे झपाझप स्टेशनकडे चालायला लागलास.

पण गेलास. वहिनीसाठी गेलास. मुलुंडच्या कानाच्या डॉक्टरांनी तुला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, टी टी आवाज ऐकवले. सगळे तुला ऐकू आले. "वयाच्या मानाने उत्तम," डॉक्टर म्हणाले. तू मला तो कागद फडकावून दाखवलास. मी घरी जाऊन देवासमोर दिवा लावला. किती दिलासा वाटला होता! ऐकू तर सगळं येत होतं ना तुला. कसं येतंय, हे त्या काचेच्या खोलीत कुणी विचारलंच नव्हतं.

मग मढ. तू म्हणालास, "चल गं, आंटीला एकटा काय तोंड दाखवू, रेकॉर्ड्स लिहून घ्यायला कुणीतरी पाहिजे." आपण वर्सोव्याहून बोटीने गेलो. तू प्लेअर मांडीवर धरून बसला होतास, एका हाताने पाण्याचे शिंतोडे अडवत. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात चालत गेलो. शेजारच्या बंगल्यात शूटिंग चालू होतं. भर उन्हात दिवे लावलेले, आणि कुणी तरी पुन्हा पुन्हा तेच रडणं रडत होतं.

आंटी दारातच उभी होती. "ये शरद, ये. हाडं दिसायला लागली रे तुझी." व्हरांड्यात अंकलच्या रेकॉर्ड्स पेट्यांमध्ये उभ्या लावून ठेवल्या होत्या, प्रत्येकीला स्वच्छ कव्हर. तू एकेक काढून उजेडाकडे तिरकी धरून बघत होतास.

तू प्लेअर टेबलावर ठेवलास. बटण होतं तिथेच होतं, तुझ्या जागेवर. अंकलची लाडकी कोकणी गाण्यांची रेकॉर्ड आंटीने स्वतः काढून दिली. सुई टेकली. आंटी हात मांडीवर ठेवून ऐकायला बसली, नवऱ्याला भेटायला बसावं तशी. आणि दोन ओळींतच तिचा चेहरा बदलला.

"शरद, एवढी घाईत का गाते रे ती? पाठीमागे कुत्रं लागलंय काय?"

"नाही आंटी, बरोबर आहे. तुमचा जुना प्लेअर स्लो असेल."

"पन्नास वर्षं?" आंटी म्हणाली.

तू काहीतरी उत्तर देणार होतास. तेवढ्यात चर्चची दुपारची घंटा वाजली. ड्युटीवर असताना ती घंटा तू रोज ऐकायचास; ती झाली की डबा उघडायचा, हे तूच सांगितलं होतंस. तू मान वर केलीस. घंटा वाजत होती आणि तुझा चेहरा उतरत गेला, कुणीतरी आतून एकेक दिवा बंद करत यावं तसा.

"आंटी, घंटा नवीन बसवली?"

"नाय रे. माझ्या लग्नात वाजली तीच."

"आवाज जाड झालाय."

आंटी हसली. "घंटा काय आपल्यासारखी म्हातारी होते?"

तू हसला नाहीस. घंटा थांबेपर्यंत तू ऐकत राहिलास. मग हात पुढे केलास आणि ते छोटं बटण फिरवून मधल्या खुणेवर, जिथे कंपनीने ठेवलं होतं तिथे, आणून सोडलंस. कोकणी बाई शांतपणे गायला लागली. आंटीने डोळे मिटले. तू मात्र डोळे उघडे ठेवून बसलास. पूर्ण बाजू ऐकलीस. तुला ती कशी ऐकू येत होती ते मला कधीच कळणार नाही, पण आंटीचं गाणं तू तिला तिच्या स्पीडने ऐकू दिलंस. तुझ्या अख्ख्या आयुष्यातलं मला काय आवडलं असं कुणी विचारलं तर मी ही पंधरा-वीस मिनिटं सांगेन.

"सगळ्या नेतो, आंटी," निघताना तू म्हणालास. "पण आज नको."

आपण परतीच्या बोटीत बसलो. मग समोर बघतच म्हणालास, "नीते, घंटेला मोटर नसते."

मी म्हटलं, "हो."

"मग?"

मी तुझा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच असेल. तू सोडवला नाहीस.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तेराव्याला तेच तर चाललं होतं. डोक्याचा फोटो, त्यातला गाठीचा पांढरा डाग, डाव्या कानाच्या आत खोलवर, जिथे ऐकलेल्याचा अर्थ लागतो तिथे. डॉक्टर लांबलचक बोलले. तू एकच प्रश्न विचारलास. "काढल्यावर स्पीड बरोबर होईल?" ते गोंधळले. वहिनीने समजावलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. बोलण्यावर परिणाम होऊ शकतो, हालचालीवर होऊ शकतो.

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आपण भांडलो. मी म्हटलं, "नको करू ऑपरेशन. औषधांवर जेवढं होईल तेवढं. कान गेला तर गेला, तू राहा."

"कशाला राहू? सगळं जग खालच्या सुरात ऐकत?"

"आम्ही आहोत ना रे."

"तुम्ही आहात, पण तुमचे आवाज नाहीयेत," तू म्हणालास. "रेखा हाक मारते तेव्हा दुसरीच कुणी बाई घरात आल्यासारखी वाटते. मी दचकतो, नीते. रोज. तिला सांगू नकोस. मला ती पुन्हा एकदा तिच्या आवाजात ऐकायची आहे. एकदा ऐकली तरी बस."

तरी मी भांडत राहिले. तू जिंकलास. तुझं बरोबर होतं की माझं, हे अजून ठरलेलं नाही. रोज भाजी चिरताना मी एकदा तुझ्या बाजूने भांडते, एकदा माझ्या. आणि वहिनीला मी खरंच काही सांगितलेलं नाही. हे मासिकात छापून आल्यावर ती वाचेल. वाचू दे. तू जिवावर का उदार झालास, ते तिला कळायला हवं.

ऑपरेशनच्या आधीचे थोडे दिवस चांगले गेले. तू घरी होतास, काळा प्लेअर उशाशी, बटण मधल्या खुणेवर. ते तू पुन्हा कधी हलवलं नाहीस. मी विचारलं, कसं ऐकू येतंय? म्हणालास, "झकास. सगळ्या गायिका माझ्या वयाच्या झाल्यात." आपण दोघं पोट धरून हसलो आणि आत वहिनी भांडी जोरात आपटत होती, रडताना ती असंच करते.

ऑपरेशननंतर तुझी उजवी बाजू गेली आणि तुझे शब्दही गेले. पाणी मागायचं तर खिडकी म्हणायचास, मग चिडायचास, मग तेही सोडलंस. वहिनीने एकदा प्लेअर लावला. तू तोंड भिंतीकडे वळवलंस. तिने सुई उचलली, झाकण लावलं, त्यावर टॉवेल घातला. गाणं आत गेल्यावर तुला काय व्हायचं, कोण जाणे. ती तुझ्यासमोर बोलायलाही घाबरायला लागली होती.

आंटीने गेल्या आठवड्यात टेम्पोने सगळ्या पेट्या पाठवल्या. वहिनीने त्या गॅलरीत लावून घेतल्यात, वर प्लॅस्टिक टाकलंय. विकायच्या नाहीत एवढंच ती म्हणते. इक्बालभाई आला होता. दारात चपला काढून आत न येता उभाच राहिला आणि गेला.

आता जे कुणालाच माहीत नाही ते.

त्या दुपारी वहिनी औषधं आणायला गेली होती. मी तुझ्या उशाशी बसून संत्रं सोलत होते. "दादा, एक फोड खातोस?" एवढंच म्हटलं. तू डोळे उघडलेस. माझ्याकडे नाही बघितलंस, माझ्या थोडं वर बघितलंस, आवाज आला त्या दिशेला. आणि कित्येक आठवडे एक शब्द धड न बोललेला तू स्वच्छ म्हणालास, "आये, इलंस?"

आई आली की काय म्हणून मी चक्क मागे वळून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. आई जाऊन किती वर्षं झाली. ती गेली आणि आपण घरात मालवणी बोलायचं बंद केलं, माझ्या मुलांना कळत नाही म्हणून. तिचा आवाज जाड, घोगरा, चाळीच्या गॅलरीतून हाक मारली की पोरं जिन्यात थिजायची. माझा पातळ. मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझ्या कानात माझा आवाज खाली उतरत उतरत तिच्या आवाजापर्यंत जाऊन पोचला होता.

मी नीता, हे तोंडाशी आलं होतं. पण तू हसत होतास, दादा. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसत होतास. माझ्या तोंडून गेलं, "होय रे झिला, इलंय." लेका नाही, झिला; आई तुला तशीच हाक मारायची.

त्यानंतर दुपारी आपण दोघंच असलो की मी ती झाले. मालवणी मला अडखळत आठवायची, तुला सरळ यायची. मराठीतले सगळे शब्द हरवले आणि हे कुठल्या पेटीत सुरक्षित राहिले होते, देव जाणे. तू म्हणायचास, "माका थंड लागता." मी पांघरूण ओढायचे. "जाव नको," तू म्हणायचास. "खंय जातंय रे, हंयच आसंय," मी कुठेच जात नाही म्हणून सांगायचे. मला भीती वाटायची. मेलेल्या बाईच्या जागी बसलेय असं वाटायचं. आणि तिला आणलंय तर ती एकटी परत जाणार नाही, असंही. तरी रोज बसायचे. कारण त्या आवाजाला तू दचकत नव्हतास.

शेवटच्या दुपारी तू विचारलंस, "नीता खंय हा?"

मी तुझ्या समोर बसले होते. तुझा हात माझ्या हातात होता.

"कामार गेली हा," मी म्हटलं. "येतली."

तू छताकडे बघितलंस. मग म्हणालास, "तिका सांग."

"काय सांगू?"

तुझे ओठ हलले. शब्द येत होता, मला दिसत होतं. मी कान तुझ्या तोंडापाशी नेला. पण फक्त श्वास आला. मी थांबले, वहिनी परत येईपर्यंत तशीच वाकून राहिले. तू झोपलास. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला, आणि मी पोचले तेव्हा तुझं सगळं संपलं होतं.

काय सांगायचं होतं तुला? प्लेअरबद्दल असेल. भांडणाबद्दल असेल. दूध आणायला सांगायचं असेल. आईला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं, पण आई मीच होते आणि मलाच ते कळलं नाही. तुझा निरोप तिने घेतला. मला तो अजून घ्यायचाच आहे. म्हणून हे लिहायला बसले. इथे कागदावर आवाज जाड नाही की बारीक नाही. इथे तुला ओळखता येईल.

दादा, मी नीता. आलेय.